अलिबागला येऊ का

२२ सप्टेंबर २०२४
दिघी

ताई,

'प्रिय' लिहावं की नाही यात दोन कागद वाया गेले, म्हणून नुसतं ताई.

फोनवर तू माझा नंबर बंद केलायस, त्याबद्दल तक्रार नाही. क्वार्टरचा पत्ता शिवदासकडून घेतला. त्याला ओरडू नकोस. तो देत नव्हता, मग मी सांगितलं की आईच्या वारसाच्या कागदावर तुझी सही लागते. आपला मावसभाऊ आहेच तसा भोळा.

मुद्द्याचं लिहिते. मला दिवस गेलेत. एकोणिसावा आठवडा. सात वर्षांनी, पस्तीस उलटल्यावर. आनंद झाला का विचारशील तर मला नीट सांगता येणार नाही. सकाळी सहाला उठते, डबा करते, सातची एसटी पकडते, दुसरी-तिसरीचे एकतीस जण सांभाळते, दुपारी परत येते आणि भिंतीला टेकून बसते. आनंदाला वेळ कुठे काढू? भीतीला मात्र काढावा लागत नाही, ती बरोबरच असते.

आमच्या घरात रोज जेवताना एकच विषय, बाळंतपण कुठे करायचं. धम्मदीप म्हणतात पनवेल. बंदरात त्यांच्याबरोबर वजनकाट्यावर असतो त्याच्या बायकोचं तिथे खासगीत झालं. सासूबाई म्हणतात, "पनवेल चार तासांवर हाय. पोर काय चार तास थांबून ऱ्हाणार?" आरोग्य केंद्राची आशाताई म्हणते तुमची केस जोखमीची, माझ्या वहीत तुमचं नाव लाल शाईने आहे. शाळेतल्या बाई आणखी तिसरंच सांगतात. सगळ्यांना माहीत आहे मी कुठे जावं. मलाच माहीत नाही.

तू बाळंतपणाच्या वॉर्डात वीस वर्षं काढलीस. मला एवढंच सांग, मी कुठे जाऊ? नर्स म्हणून सांग, बहीण म्हणून नको. २०१७ साली जे झालं त्यावर मी काही लिहिणार नाही, तूही लिहू नकोस.

उत्तर दोन ओळींचं चालेल.

रचना


१५ ऑक्टोबर २०२४
दिघी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चालले नव्हते, तरी पोस्टमन दिसला की मान वर होते.

काल पनवेलला जाऊन आलो. धम्मचक्र दिनाची रजा घेतली होती, सकाळी वंदनेला विहारात उभं राहायचं ते सोडून पाचला गाडी काढली. माणगावपर्यंत मी दोनदा खाली उतरून ओकले. पुढे हायवेवर गाड्यांची रांग. दवाखान्यात पोचेपर्यंत माझे पाय एवढे सुजले की चपलेचा पट्टा रुतून वळ उठला.

दवाखाना छान आहे. खरंच छान आहे. काचेची दारं, गार हवा, प्रत्येक बाईला वेगळी खोली, खाली औषधं, वर ऑपरेशन, बाळांची वेगळी काचेची खोली. डॉक्टर तरुण आहे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. हसून बोलते. आधीचे कागद बघितले आणि पेन उचलून विचारलं, "मागच्या वेळी बाळाची हालचाल कधीपासून कमी झाली होती?"

मी म्हटलं, "त्या दिवशी सकाळपासून."

तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "मग उशीर कुठे झाला?"

मी काही बोलायच्या आत धम्मदीप बोलले. "सरकारी दवाखान्यात. हिच्या बहिणीनेच आग्रह केला होता, ती तिथे नर्स होती. वेळेवर पुढे पाठवलं नाही."

डॉक्टर 'ओह' म्हणाली आणि तेही लिहिलं असावं, कारण पेन हलत होतं. मी समोरच्या वजनाच्या तक्त्याकडे बघत राहिले.

परतताना धम्मदीपनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं लांब आहे. ते म्हणाले, "लांब आहे, पण निदान ओळखीचं कोणी नाही." त्यांचं चुकत नाही. त्यांना जेवढं माहीत आहे त्यात त्यांचं काहीच चुकत नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी पाय शेकायला गरम पाणी दिलं. मी पाण्यात पाय सोडून झोपूनच गेले.

तू उत्तर नाही दिलंस तरी मी लिहीन असं दिसतंय. कोणाला तरी सांगावं लागतं.

रचना


१० नोव्हेंबर २०२४
दिघी

ताई,

सव्वीस आठवडे झाले. इलेक्शन ड्युटीतून नाव वगळलं, त्यासाठी तीन वेळा अर्ज द्यावा लागला.

परवा आपल्या जुन्या दवाखान्यात गेले होते. हो, तिथेच. सासूबाईंचा हट्ट होता की एकदा बघून तर ये, आता नवी इमारत झालीय. मी एकटी गेले. धम्मदीपना सांगितलं की शाळेत मीटिंग आहे.

भिंती नव्या आहेत, पण बाकं तीच. आणि कमळमावशी तीच. आठवतात ना, तुझ्या वॉर्डातल्या आया? केस पांढरे झालेत, कानाला यंत्र लागलंय. मी नंबर लावून बसले होते तर समोर येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही पूनम सिस्टरची बहीण ना?"

मला वाटलं आता बोलतील काहीतरी. त्यांनी पदराने बाक पुसला आणि शेजारी बसल्या.

"सिस्टर कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. मला काय माहीत तू कशी आहेस?

"बदली झाली त्या दिवशी मी व्हते इथं. कपाट रिकामं केलं त्यांनी. कोणाशी बोलल्या न्हाईत. मला म्हणाल्या, मावशी, माझ्या हातून खरंच उशीर झाला का वो? तुम्ही तर होता तिथे. मी म्हटलं, सिस्टर, तुम्ही तर चप्पल बी घातली नव्हती, तशाच गाडीत चढलात. तरी त्या पुन्हा तेच इचारत राहिल्या."

मला घाम फुटला. पंखा चालू होता तरी. मावशींना वाटलं चक्कर आली, त्यांनी आत नेऊन आडवं केलं. दाब वाढलेला निघाला. तिथल्या डॉक्टरने चांगलं तपासलं, घाई केली नाही. म्हणाले, बाई, तुम्ही आमच्याकडे येत राहा तपासणीला, पण बाळंतपण मोठ्या ठिकाणी करा. आमच्याकडे रात्री-अपरात्री ऑपरेशन लागलं तर तुम्हाला पुढेच पाठवावं लागेल, आणि तुमच्या बाबतीत मला ते नको आहे.

सरळ माणूस. आणि मग त्यांनीही विचारलं. मागच्या वेळी हालचाल कधीपासून कमी होती?

मी म्हटलं, सकाळपासून.

ताई, एक गोष्ट सांगू? आता ते वाक्य तोंडातून इतकं सवयीने येतं की मलाच ते खरं वाटतं. आशाताईच्या वहीत तेच. पनवेलच्या फाईलमध्ये तेच. इथल्या केसपेपरवर तेच. तीन ठिकाणं झाली, तिन्हीकडे माझी एकच गोष्ट.

कंटाळा आला आहे. दवाखान्यांचा नाही.

रचना


१६ डिसेंबर २०२४
दिघी

ताई,

आज सोळा डिसेंबर. मी रजा घेतली आहे. धम्मदीप कामावर, सासूबाई वाडीत वाल काढायला गेल्यात. घरात कोणी नाही. आज लिहिलं नाही तर होणार नाही.

हालचाल सकाळपासून कमी झाली नव्हती. गुरुवारपासून झाली होती.

वाक्य लिहून झालं. आता सगळंच लिहिते.

तू मला नोव्हेंबरातच सांगितलं होतंस, एक तारखेपासून रजा टाक, दाब वाढतोय, घरी पड. मी तुला हो म्हटलं. आणि टाकली नाही. रजा बाळ झाल्यावर वापरायची म्हणून वाचवत होते, सगळ्या जणी तसंच करतात. तू रोज संध्याकाळी फोन करायचीस, "पडून आहेस ना?" मी शाळेतून येऊन, चप्पल काढता काढता म्हणायचे, "हो, पडूनच आहे."

गुरुवारी, चौदा तारखेला, जेवल्यावर तू शिकवलंस तसं डाव्या कुशीवर पडून बाळाचे धक्के मोजले. दोन तासांत दहा व्हायला हवे होते. चार झाले. शुक्रवारी शाळा तपासणीला साहेब यायचे होते. मी स्वतःला समजावलं की बाळ झोपलंय. शुक्रवारी सकाळी बाकावर चढून तक्ते लावले, ताई. नववा महिना लागलेला. मधल्या सुट्टीत साखरेचं पाणी पिऊन स्टाफरूममध्ये पडले. एकदा काहीतरी हललं, किंवा मला तसं वाटलं. साहेब आले, मुलांनी पाढे म्हटले, साहेब म्हणाले बाईंचं काम चांगलं आहे.

शुक्रवारी संध्याकाळी काहीच नव्हतं. तुझा फोन आला. तू विचारलंस, "हलतंय ना?" मी म्हटलं, "हो, लाथा मारतोय." तेव्हा तुला खरं सांगायचं म्हणजे आधी हेही सांगावं लागलं असतं की मी रजेवर नाही, आज बाकावर चढले होते. तू ओरडली असतीस. ताई, मी तुझ्या ओरडण्याला घाबरले. एवढंच कारण आहे. सात वर्षं शोधतेय, याहून मोठं कारण सापडत नाही.

शनिवारी सकाळी मी तुझ्याकडे आले. पुढचं तुला माहीत आहे. तू नळी कानाला लावून ऐकलंस, तुझा चेहरा बदलला, तू विचारलंस, "कधीपासून?" बाजूला धम्मदीप उभे होते, सासूबाई उभ्या होत्या. मी म्हटलं, सकाळपासून. तू ते पुढच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिलंस. तूच गाडी बोलावलीस, तूच बरोबर आलीस, माझ्या पोटावर हात फिरवत बसलीस. वाटेत कुठेतरी तुझा हात थांबला. तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही.

मग घरच्यांनी तक्रार केली. सकाळपर्यंत ठणठणीत असलेलं बाळ तासाभरात कसं जातं, म्हणजे दवाखान्यातच वेळ घालवला. किती सोपा हिशोब. सगळा माझ्या एका शब्दावर उभा होता. चौकशीला आरोग्य खात्याचे साहेब घरी आले तेव्हा तू त्यांना सांगितलं होतंस म्हणे, रचनाला पुन्हा विचारा. त्यांनी विचारलं. मला वाटलं होतं, तेव्हा तरी मी सांगेन. धम्मदीप तीन दिवस जेवले नव्हते. सासूबाई पाळणा परत माळ्यावर चढवत होत्या. मी म्हटलं, सकाळपासून.

तुझी बदली झाली, ठपका बसला. आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या विधीला तू एका कडेला बसलीस, मी एका कडेला. लोकांनी माझ्याजवळ येऊन सांत्वन केलं, तुझ्याजवळ कोणी गेलं नाही. मी ते बघत होते.

पहिल्या पत्रात विचारलं होतं, कुठे जाऊ? ते खरं नव्हतं. म्हणजे तेही हवं होतं, पण खरा प्रश्न वेगळा होता. अलिबागला येऊ का? तुझ्या दवाखान्यात?

तपासणीच्या कागदांच्या झेरॉक्स सोबत ठेवल्यात. नाही म्हणालीस तरी समजेन.

रचना


२६ डिसेंबर २०२४
अलिबाग

रचना,

जयभीम. चारही पत्रं मिळाली. पहिली तीन वाचून ठेवून दिली. चौथं ड्युटीवर जाताना जिन्यात उघडलं. त्या दिवशी ड्युटी बदलून घेतली.

आधी कामाचं. तुला जिथे चोवीस तास ऑपरेशन होतं, रक्त मिळतं आणि बाळासाठी वेगळा कक्ष आहे अशीच जागा हवी. पनवेलला ते आहे, पण कळा सुरू झाल्यावर चार तासांचा रस्ता तुला झेपणार नाही. अलिबागला ये. खाडी ओलांडली की दोन तास. पण गाड्या नेणारी फेरीबोट रात्री बंद असते, म्हणून कळांची वाट बघू नकोस. जानेवारीच्या वीस तारखेनंतर इथेच येऊन राहा. शिवदासच्या चुलत सासऱ्यांची खोली इथल्या चेंढऱ्यात रिकामी आहे, मी बोलले आहे. आमच्या डॉक्टर मॅडमनी तुझे कागद बघितले, अडतीस आठवडे झाले की त्या ठरवून मोकळं करतील. तोवर दिवसातून दोनदा मोजायचं आणि कागदावर लिहायचं. कमी वाटलं तर त्याच मिनिटाला निघायचं. शाळा उद्यापासून बंद. या वेळी खरंच बंद.

मॅडमना मी खरी तारीख सांगितली आहे. उपचार त्यावर ठरतात.

आता माझं. गुरुवारी आली असतीस तर बाळ वाचलं असतं का, हे तुला कोणी सांगू शकणार नाही. मीही नाही. उगाच धीर देत नाही आणि उगाच दोषही देत नाही. पण त्या चिठ्ठीवरची ओळ माझ्या अक्षरात आहे आणि ती खोटी आहे. सात वर्षं मी त्या सकाळची दहा मिनिटं उलटसुलट करून बघतेय. ठोके मोजायला मला जास्त वेळ लागला का. गाडीला आधी फोन करायला हवा होता का. आता मी प्रत्येक बाईला तोच प्रश्न तीनदा विचारते. नवऱ्यासमोर एकदा, सासूसमोर एकदा, आणि मग सगळ्यांना बाहेर काढून एकदा. पोरी मला शंकेखोर म्हणतात.

धम्मदीपना सांगितलंस का? पत्रावरून वाटत नाही. माझ्याकडे लिहिलेलं माझ्याजवळच राहील, त्याचा मला काही उपयोग नाही. ज्या ऑफिसच्या साहेबांना जबाब दिलास तिथे जाऊन दुसरा दे.

तुला माफ केलं असं लिहायला घेतलं होतं. ते अजून खरं नाही, म्हणून खोडलं.

तू वॉर्डात असशील तो आठवडा मी रजा टाकून बाहेरगावी राहणार आहे. तुझ्या खाटेजवळ माझा हात स्थिर राहणार नाही, आणि हात स्थिर नसलेली नर्स वॉर्डात नको. बाकीच्या मुली चांगल्या आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेव.

पूनम


८ जानेवारी २०२५
दिघी

ताई,

सांगितलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर. सासूबाई पडवीत सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या, धम्मदीप शेजारी पेपर वाचत होते. मी म्हटलं, मला दोघांना एक सांगायचंय, मधे बोलू नका, नाहीतर माझ्याने पुरं होणार नाही. मग तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं. तुझं पत्रही वाचायला दिलं.

धम्मदीपनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तक्रारीवर पहिली सही माझी आहे."

मी म्हटलं, "मी सांगितलं म्हणून केलीत."

"तू मला सात वर्षं..." एवढंच म्हणाले. पेपरची घडी केली, नीट, चार पदरी, आणि उठून गेले. बंदराच्या रस्त्याला लागलेले दिसले. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती.

सासूबाई निवडतच होत्या. मला वाटलं आता त्या आवाज चढवतील. तुझ्या दवाखान्यात येऊन त्यांनी काय तमाशा केला होता, ते आठवत होतं. मग हातातला सोडा सुपात टाकून म्हणाल्या, "शुक्रवारी सांजच्याला तू पोटाव हात ठेवून बसलीवतीस, बाय. त्या तिथं. मी बघितलं."

"मग?"

"मग काय? मला कळलं व्हतं कायतरी न्हाय बरोबर. पाच बाळंतपणं काढली मी. पण इचारलं न्हाय. इचारलं असतं नि तू सांगितलं असतंस, तर तवाच निघायला लागलं असतं. मी म्हटलं, उगा कशाला, सकाळी बघू." नाक पदराने पुसलं. "तुझी बहीण एकटीच सापडली आमाला."

मग उठून त्यांनी मला पाणी दिलं. रागावल्या नाहीत, जवळही घेतलं नाही. पाणी दिलं.

धम्मदीप दोन दिवस बोलले नाहीत. डबा नेत होते, परत आणत होते, अर्धा भरलेला. काल संध्याकाळी मी मोजायला पडले होते तर येऊन खाटेच्या कडेवर बसले. "किती झाले?" मी म्हटलं सात. मग तेही बसून राहिले. दहावा झाला तेव्हा त्यांनी माझ्या कागदावर स्वतः लिहिला. मग म्हणाले, "अलिबागला कधी निघायचं?"

आज सकाळी आम्ही दोघं त्या ऑफिसात जाऊन आलो. तेव्हाचे साहेब आता नाहीत. नवे आहेत, त्यांना काही कळेना की सात वर्षांपूर्वीची बंद फाईल कोण उघडायला आलंय. मी माझा जबाब दिला. धम्मदीपनी तक्रार चुकीच्या माहितीवर होती असं लिहून दिलं. क्लार्क म्हणाला, "बाई, यात तुमच्यावरच काही येईल, कळतंय ना?" मी म्हटलं, येऊ दे. पोच घेतली आहे, तिची प्रत सोबत जोडते. ठपका निघेल की नाही त्याला सांगता आलं नाही. वर पाठवतो म्हणाला.

मला हलकं वाटायला हवं होतं, ताई. नुसतं दमल्यासारखं वाटलं. घरी येऊन दोन तास झोपले.

वीस तारखेला निघतो.

रचना


९ फेब्रुवारी २०२५
दिघी

ताई,

तुला सगळं वॉर्डातल्या मुलींकडून कळलंच असेल, तरी माझ्याकडून लिहिते.

एकतीस तारखेला सकाळी साडेदहाला ऑपरेशन झालं. मुलगी. दोन किलो सहाशे. रडायला थोडा वेळ लावला, तेवढ्यात माझं सगळं आयुष्य गेलं असं वाटलं, मग अशी रडली की मॅडम हसल्या. तुझ्या मुली खरंच चांगल्या आहेत. रुचिता म्हणून एक आहे, तिने पहिल्याच दिवशी धम्मदीप आणि सासूबाईंना बाहेर काढून मला सगळं पुन्हा विचारलं. मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "पूनम सिस्टरांनी शिकवलंय असं विचारायला." मी तुझी कोण ते तिला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही.

पाच दिवस रोज मी दाराकडे बघत होते. तू रजेवर आहेस हे मला माहीत होतं. तरी बघत होते.

आणि पाचव्या दिवशी, डिस्चार्जच्या सकाळी, तू आलीस. साध्या ड्रेसमध्ये, खांद्याला पिशवी. तू किती वाळलीस, ताई. मी 'ये' म्हणायच्या आत तू बाळाचं दुपटं सोडलंस, नाळ बघितलीस, पायाचे तळवे बघितलेस, डोळ्यांचा पिवळेपणा बघितलास. मला विचारलंस, "दूध ओढते का?" मी म्हटलं, "उजवीकडे ओढते. डावीकडे नीट नाही, कालपासून. मी कोणाला बोलले नाही अजून." तू माझा हात धरून बाळाची मान कशी घ्यायची ते दाखवलंस. लागली ओढायला. तू दोन मिनिटं उभी राहून बघितलंस. माझ्या तोंडाकडे एकदाही नाही. मग म्हणालीस, "जमेल," आणि गेलीस.

मला उठता येत नव्हतं, टाके ओढत होते. सासूबाई तुझ्या मागून गेल्या. त्यांना गुडघेदुखी, त्या कठडा धरधरून उतरल्या. खिडकीतून मला फक्त स्टँडकडे जाणारा रस्ता दिसत होता, तुम्ही दिसत नव्हता.

बऱ्याच वेळाने वर आल्या. "बस गेली तिची. फुडची तासाभराने हाय."

"काय बोललात?"

"मी बोलले. ती ऐकत व्हती."

"काय बोललात पण?"

"तुला काय करायचंय?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वर चल म्हटलं. न्हाय म्हणाली. खाली बाकाव बसली हाय."

धम्मदीप डिस्चार्जचे कागद हातात घेऊन उभे होते. त्यांनी कागद खाटेवर ठेवले, माझ्याकडे बघितलं, आणि बाळाला उचललं. टोपरं घातलं, उन्हाला दुपट्याची कड तोंडावर ओढली. ते घेऊन गेले.

मी एक तास एकटी पडून होते. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्याजवळ नव्हतं, आणि मला भीती वाटली नाही.

धम्मदीप परत आले ते सांगतात, तू तासभर तिला मांडीवर घेऊन बसलीस. त्यांनी तुला सॉरी म्हटलं, तू मान हलवलीस. बस लागली तेव्हा तिला त्यांच्या हातात देताना म्हणालीस, "हळू, झोपलीये."

टाक्यांचं बरं आहे. झोप नाही. सासूबाई दिवसा बाळाला बघतात, तेव्हा मी थोडी पडते. ऑफिसातून अजून पत्र नाही, पुढच्या आठवड्यात धम्मदीप पुन्हा जाऊन विचारणार आहेत.

नाव ठेवलेलं नाही. तेवीस तारखेला, रविवारी, दुपारी चारला विहारात ठेवायचं आहे, घरचेच लोक. तुला बोलावणं पाठवत नाही, कारण बोलावलं की तुला हो किंवा नाही म्हणावं लागेल.

खाडीपलीकडून, अगरदांड्याहून, तीनच्या फेरीबोटीने निघालं की वेळेत पोचता येतं.

रचना